वाचकांचे प्रश्न : पेंचच्या जंगलात दोन रात्री

प्रश्न : डिसेंबरमध्ये दोन रात्री जंगलालगतच्या एखाद्या कुटीत राहावे, असा आमचा विचार आहे. सोबत सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे आणि आठ वर्षांची मुलगी असेल. सासऱ्यांना कंबरदुखीचा त्रास आहे. नागपूरहून सोयीचे असे कोणते ठिकाण निवडावे आणि सफारी किती घ्याव्यात?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या घरच्या मंडळींचा विचार करता मी पेंचचे सिल्लारी सुचवेन. नागपूरहून मनसर-पवनी मार्गे ते सुमारे ७० किलोमीटर आहे, त्यामुळे ज्येष्ठांचा प्रवास दोन तासांच्या आसपास आटोपतो. १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९९९ मध्ये व्याघ्रप्रकल्प झालेल्या या जंगलाच्या प्रवेशद्वारापाशीच वनविभागाच्या पर्यटन संकुलात मुक्कामाची सोय आहे, आणि मध्य प्रदेशातल्या तुरिया प्रवेशद्वारापेक्षा येथे गर्दी कमी असते.

सफारीबाबत मात्र माझे मत स्पष्ट आहे. दोन रात्रींत चार फेऱ्या बसवण्याचा मोह टाळावा आणि एकच सकाळची फेरी घ्यावी. पहाटे उठून उघड्या जिप्सीत गारठत बसायचे, दुपारी घाईने जेवून पुन्हा धूळ खात फिरायचे आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकताच झोपी जायचे, अशा दिनक्रमात ज्या कुटीसाठी आपण एवढ्या लांब येतो तिच्या ओसरीवर निवांत बसायला अर्धा तासही उरत नाही. घेतलेल्या एका फेरीत सासऱ्यांना मधल्या रांगेत बसवावे, कारण मागच्या चाकांवर येणाऱ्या शेवटच्या आसनाला धक्के सर्वांत जास्त बसतात. सर्वांसाठी कानटोप्या आणि अंगावर घ्यायला जाड चादरी न्याव्यात. मुलीला कुलूची झाडे आवर्जून दाखवावीत. त्यांची पांढुरकी, गुळगुळीत खोडे आणि कागदासारखे सुटणारे सालीचे पापुद्रे सागाच्या करड्या गर्दीतही लांबून उठून दिसतात.

पेंचची खरी श्रीमंती रात्री कळते. जानेवारी २०२४ मध्ये हा व्याघ्रप्रकल्प भारतातील पहिला डार्क स्काय पार्क, म्हणजे कृत्रिम उजेड आवरून रात्रीचे आकाश काळोखे राखलेले क्षेत्र, ठरला. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचा उजेड फक्त जमिनीवर पडेल अशी व्यवस्था करण्यात आली. गावकऱ्यांनी आपल्या दारातला उजेड असा आवरून घेतला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि पाहुण्यांनीही तिचा मान राखायला हवा. म्हणून दिनदर्शिका पाहून अमावास्येच्या आगेमागेच्या तारखा घ्याव्यात. जेवण झाल्यावर ओसरीवरचा दिवा मालवून, मोबाइलकडे अजिबात न पाहता वीस-पंचवीस मिनिटे नुसते बसावे, कारण डोळ्यांना अंधार सरावायला तेवढा वेळ लागतोच. बॅटरी लागलीच तर तिच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद बांधावा. डिसेंबरच्या मध्यास रात्री दहाच्या सुमारास कृत्तिका जवळजवळ डोक्यावर असतात आणि पूर्वेकडे मृग नक्षत्र चांगले वर आलेले असते. शहरात कृत्तिकांचा एक पुसट ठिपका दिसतो. येथे आपल्या मुलीला त्यातील सहा-सात तारे बोटाने मोजता येतील. मधूनच सांबराची एखादी खणखणीत हाक येईल, तेव्हा बोलणे थांबवून ती कोणत्या दिशेने आली ते ऐकावे.

आकाश कितीही खुणावले, तरी रात्री संकुलाच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकू नये. उरलेले अन्न ओसरीवर ठेवल्यास सकाळी वानरांची टोळी हजर होते, हेही ध्यानात ठेवावे.

प्रश्न : सफारीत मोबाइल नेता येतो का? आणि आरक्षण करताना काय सांभाळावे?
— एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : महाराष्ट्रातील व्याघ्रप्रकल्पांत सफारीदरम्यान मोबाइल नेण्यास मनाई आहे, त्यामुळे तो खोलीत ठेवूनच निघावे. छायाचित्रांसाठी वेगळा कॅमेरा न्यावा. आरक्षण ऑनलाइन करावे लागते आणि एका जिप्सीत सहा पर्यटकच बसू शकतात. आरक्षणावेळी ज्या ओळखपत्राचा क्रमांक दिला असेल, त्याचीच मूळ प्रत प्रवेशद्वारावर दाखवावी लागते; ती घरी राहिल्याने पहाटे हिरमुसून परत फिरलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात पावसाळ्यामुळे गाभा क्षेत्रातील पर्यटन बंद असते, हे पाहूनच शाळेच्या सुट्ट्यांची आखणी करावी.