घरातून पळालेला १७ वर्षांचा मुलगा स्टेशनवर सापडला, तर सरकारी मदत कशी मिळते? १८ नंतर काय?
आधी १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा. फोन मोफत, चोवीस तास. स्टेशनवर रेल्वे सुरक्षा दलाचा जवानही चालेल. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मुलाला बालकल्याण समितीपुढे (अशा मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची सरकारी समिती) न्यावंच लागतं. परस्पर घरी धाडू नका, कृपया. मार खाऊन पळाला असेल, तर पुन्हा त्याच हातात पडेल. समिती आधी त्याचं ऐकते, घरची चौकशी करते; घरी पाठवणं योग्य नसेल तर बालगृहात ठेवते.

मुलं मदतीतून खरी गळतात ती १८ पूर्ण झाल्यावर. बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांना २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची सोय आहे; केंद्र सरकारच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेतून महिना ४,००० रुपये मिळू शकतात. आपोआप मात्र नाही. काही महिने आधीच जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या मागे लागा. समितीच्या आदेशाची प्रत, आधार, स्वतःच्या नावाचं बँक खातं तयार हवं. निघताना मुलाच्या पिशवीत कपडे असतात, कागद संस्थेच्या कपाटातच राहतात.