हळदीकुंकवाला जाऊबाईंना बसवू का?

प्रश्न : ताई, आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. माझे मोठे दीर कोरोनात गेले, जाऊबाई आमच्यातच असतात. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनाही सगळ्यांसोबत बसवायचं माझ्या मनात आहे, पण सासूबाई म्हणतात, मला काही नाही गं, बिल्डिंगमधल्या बायका काय म्हणतील? आणि जाऊबाई तर त्या दिवशी स्वतःहूनच किचनमध्ये जाऊन बसतात. माझं चुकतंय का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : अजिबात चुकत नाहीये तुझं.

तुझ्या पत्रातलं ते 'मला काही नाही गं' मी तीनदा वाचलं, खरी गोम तिथेच आहे. सासूबाईंना चालतंय, तुला चालतंय, बिल्डिंगमधल्या दोघीतिघींना पण चालत असणार, फक्त प्रत्येकीला वाटतं की बाकीच्यांना चालणार नाही, मग कोणीच बोलत नाही आणि प्रथा तशीच पुढच्या वर्षात जाते. १९५०च्या आसपास अमेरिकेत सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला होता, कोणती रेघ कोणत्या रेघेएवढी आहे इतकंच सांगायचं, पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे, आणि डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही माणसं साधारण तीनातल्या एका वेळी त्यांच्यासारखंच चुकीचं बोलायची. पण सोबत एक जण जरी खरं बोलणारा असला की हे प्रमाण एकदम खाली यायचं. एकच जण!

जाऊबाईंचं वाचून मात्र पोटात कालवलं. पहिल्या वर्षी कोणीतरी नुसतं डोळ्यांनी सांगितलं असेल, दुसऱ्या वर्षी तेही लागलं नसेल, आता त्यांना स्वतःलाच वाटत असणार की आपल्यामुळे कोणाचं वाईट नको व्हायला. माझी पंचवटीतली आत्या अशीच, माझ्याच लग्नात ओवाळायला पुढे आली नाही आणि मी पण तिला हाक मारली नाही, ते अजून सलतं मला.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ठराव केला, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. नंतर सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. तिथे सगळ्या गावासमोर ठरलं म्हणून कोणा एकीवर बोट दाखवायची सोय राहिली नाही. नाहीतर आपल्याच नाशकात बघ, दलितांना काळाराम मंदिरात जाता यावं म्हणून सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, पाच वर्षं माणसं दारात उभी राहिली तरी दार उघडलं नाही, शेवटी १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. तो अन्याय कितीतरी मोठा होता, दोन्ही एका मापात मोजत नाहीये मी, पण 'पहिल्यापासून असंच आहे' हे उत्तर तेव्हाही होतंच.

तू आधी जाऊबाईंशीच बोल, एकट्यात, त्यांना न विचारता एकदम सगळ्यांसमोर कुंकू लावू नकोस, त्या अवघडून जातील. मग शेजारच्या एका मैत्रिणीला आधीच सांगून ठेव की तू त्यांना कुंकू लावलंस की लगेच तिनेही लावायचं. सासूबाईंना पण जवळ बसव, त्यांचाही मुलगा गेलाय गं, त्या विरोधात आहेत असं मला नाही वाटत. यावेळी जाऊबाई नाही म्हणाल्या तर रथसप्तमीपर्यंत वेळ आहे, दोघीतिघींना बोलावून घरातल्या घरात कर. आणि वाण सगळ्यांना सारखंच दे, त्यांच्यासाठी वेगळं काही आणू नकोस.