पेटीतली लुगडी, ओटीचे खण आणि अर्धी राहिलेली गोधडी

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या पेट्या खाली येतात, त्यामुळे या वेळचे बहुतेक प्रश्न साठवलेल्या कापडाचेच आहेत. मापं इंचात दिली आहेत. शिवणीची बारीक मापं सुतात आहेत. सुतारांचंच सूत, एक इंच म्हणजे ८ सूत.

प्रश्न : आईच्या सुती साड्या आणि आजीची दोन नऊवारी लुगडी पेटीत आहेत. एका गोधडीला किती साड्या लागतात? कुठली वर घ्यायची, कुठली आत?

रंग नंतर बघा, आधी ताकद बघा. साडी खिडकीच्या उजेडासमोर धरा. बसायचा भाग आणि टाचेकडची खालची बाजू हमखास विरलेली असते. पदर आणि आत खोचलेला भाग बहुधा धड असतो. मग दोन्ही अंगठे इंचभर अंतरावर ठेवून कापड ताणा, एकदा उभं आणि एकदा आडवं. ताण सहन करेल ते वरच्या थराला आणि अस्तराला. विरलेलं असूनही जे फाटत नाही ते मधल्या थरांना. अंगठ्यानेच चिरतं ते आतसुद्धा घालू नका. टाका धरायला त्यात जीव नसतो, दोन धुण्यांत आतल्या आत त्याचा गोळा होतो आणि तो हाताला लागत राहतो. आठवण म्हणून ठेवायचंच असेल तर त्यातला पदराचा धड तुकडा कापा आणि पक्क्या कापडावर ठिगळासारखा लावा. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेली साडी घडीवर चिरते, त्या रेषेवरून सरळ कापून टाकलेली बरी.

आता हिशेब. सहावारी साडी ब्लाउजपीस सोडून साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच लांब आणि ४५ इंच रुंद. लांबीत तिचे ७२ इंचांचे तीन तुकडे होतात. दोन तुकडे ७२ इंचांच्या कडेने जोडले की ७२ बाय सुमारे ८८ चा एक थर तयार होतो. म्हणजे दोन साड्यांत तीन थर, आणि कापड जवळजवळ वाया जात नाही. नऊवारी ३२४ इंच लांब. तिचे ८१ चे चार तुकडे, म्हणजे दोन थर. दोन सहावारी आणि एक नऊवारी मिळून पाच थरांची गोधडी होते. मुंबई-कोकणच्या हवेला तीन थर पुरतात, घाटावरच्या थंडीला पाच. पाचाच्या पुढे साधी सुई जात नाही, दाभण घ्यावा लागतो आणि टाका मोठा पडतो.

सगळ्या थरांचे जोड एकावर एक आणू नका, मधोमध कडक वळकटी तयार होते. एकाआड एका थरात एक तुकडा उभा चिरून त्याचे दोन अर्ध अखंड तुकड्याच्या दोन्ही बाजूंना जोडा. जोड पाव-पाव अंतरावर सरकतात. अर्थात मधे दोन जोड आल्याने हा थर बाकीच्यांपेक्षा थोडा लहान होतो, तेव्हा कडा शेवटीच छाटा.

काठ मात्र जोडण्याआधीच काढून ठेवा, थराची रुंदी ८८ पेक्षा तेवढी कमी भरेल. त्याची वीण दाट असते आणि अंगाचं कापड धुण्यात जितकं आटतं तितका तो आटत नाही, म्हणून कडेने चुण्या पडतात. इरकलीत हे जास्त जाणवतं, कारण अंग सुती आणि काठ रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो. काढलेला काठ गोटाला, म्हणजे कडेच्या पट्टीला, वापरा. ७२ बाय ८८ च्या गोधडीचा घेर ३२० इंच, आणि एका साडीचे दोन काठ मिळून ४३२ इंच. कोपरे वळवूनसुद्धा उरतो.

प्रश्न : ओटीत आलेले साठ-सत्तर ब्लाउजपीस साठले आहेत. चौकोन जोडून गोधडीचा वरचा थर करता येईल का? खणाचे तुकडेही आहेत.

येईल, पण निम्मे बाद होतील याची तयारी ठेवा. ओटीत सुतीपेक्षा पॉलिस्टर जास्त येतं. प्रत्येक पीसच्या कडेचे चार धागे काढून चिमट्यात धरून जाळा. कागदासारखा वास आणि मऊ राखाडी राख म्हणजे सुती (व्हिस्कोसही असंच जळतं). वितळून काळा कडक मणी झाला तर पॉलिस्टर. केस जळल्याचा वास आणि बोटांनी चुरडणारी राख म्हणजे रेशीम. मणीही होतो आणि राखही, तर मिश्र धागा. टू बाय टू म्हणून मिळणारं कापड दोन्ही प्रकारचं असतं, नावावर जाऊ नका. पॉलिस्टर गोधडीत नको म्हणण्याचं कारण साधं आहे : ते आटत नाही, घाम शोषत नाही आणि सुतीशेजारी शिवलं की पहिल्या धुण्यानंतर फुगून उभं राहतं. त्याच्या पिशव्या शिवा.

खण गुळेदगुड्डचा असो की आणखी कुठला, रंगाची परीक्षा घेतल्याशिवाय कापू नका. ओल्या पांढऱ्या रुमालावर तुकडा ठेवून गरम इस्त्री दाबा. रुमालाला डाग लागला तर कापड गरम पाण्यात पुन्हा पुन्हा धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो हा समज सोडा. रंगवताना भांड्यातला रंग कापडाकडे ओढायला मीठ मदत करतं. कापडावर सुटा राहिलेला रंग ते बांधून ठेवत नाही. चार धुण्यांनंतरही रंग जात असेल तर तो खण पांढऱ्या-पिवळ्याशेजारी लावायचा नाही, संपलं.

नव्या सुती पीसमधली खळही याच धुण्यात जाते. खळीच्या कापडात सुई अडते आणि पेटीत त्याला कसर लागते.

८० सेंटिमीटरच्या पीसमधून ५ इंचांचे ४८ चौकोन निघतात : आडवे आठ, उभे सहा. दोन सूत शिवण धरली तर जोडल्यावर प्रत्येक चौकोन साडेचार इंच उरतो. ७२ बाय ८८ ला आडवे १६ आणि उभे २०, एकूण ३२० चौकोन. हिशेबाने सात पीस पुरतात, पण रंगांच्या विविधतेसाठी बावीस पीसमधून पंधरा-पंधरा काढा.

घोळ होतो तो शिवणीत. ब्लाउज शिवणाऱ्या हाताला जास्त माया (शिवणीबाहेरचं कापड) सोडायची सवय असते. शिवण अर्धं सूत जरी जास्त गेली, तरी जोडाच्या दोन्ही बाजू धरून प्रत्येक जोडाला एक सूत कमी होतं. एका ओळीत पंधरा जोड, म्हणजे जवळजवळ दोन इंच! आणि प्रत्येक ओळीत चूक सारखी नसते, म्हणून ओळी एकमेकींना जुळत नाहीत. मशीनच्या पत्र्यावर सुईपासून मोजून दोन सुतांवर चिकटपट्टी लावा आणि कापड तिला टेकवून चालवा. पहिली ओळ झाली की फुटपट्टीने मोजा. विसाव्या ओळीला मोजून उपयोग नाही.

प्रश्न : हाताने गोधडी घातली. कडेपासून आत फेऱ्या घेत आले आणि मध्यावर कापड फुगलं. उसवायची का?

सगळी नको. आधी कारण समजून घ्या. धावदोऱ्याची प्रत्येक ओळ वरचा थर केसभर पुढे ढकलते. चारही बाजूंनी आत येताना हा केसभराचा हिशेब मध्याकडे जमा होतो, आणि तिथून त्याला पळायला जागा नसते.

उपाय पहिल्या टाक्याआधीचा आहे. स्वच्छ फरशीवर अस्तर उलटं पसरा, मध्यापासून कडेकडे हात फिरवून सपाट करा, चार कोपऱ्यांवर वजन ठेवा. मग एकेक थर तसाच. सगळे थर बसले की कच्चे दोरे घाला, तेही मध्यापासूनच सुरू करून : आधी अधिकचं चिन्ह, मग फुली, मग वीत-वीतभर अंतरावर जाळी. टाका दोन-तीन इंचांचा चालेल. एवढं झाल्यावर कडेपासून फेऱ्या घातल्या तरी कापड हलत नाही. हे काम कंटाळवाणं आहे आणि दोन तास खातं. पण ते टाळलेल्या गोधड्या लांबून ओळखू येतात.

तुमच्या गोधडीच्या आतल्या चार-पाच फेऱ्या उसवा. फुगा इंचभराच्या आत असेल तर कापड किंचित ओलं करून तो हाताने चहूकडे वाटा, कच्चा दोरा घाला आणि या वेळी मध्यापासून बाहेर शिवा, ओळी जरा जवळ घेऊन. फुगा त्याहून मोठा असेल तर तो वाटला जाणार नाही. वरच्या थराला एक चपटी चुणी घाला, पक्की शिवा आणि तिच्यावर वीतभराचा चौकोन लावा. तो मुद्दाम लावल्यासारखाच दिसतो.

दोऱ्याचंही याच वेळी सांगते. दीड इंचावर एक ओळ धरली तर ७२ बाय ८८ ला सुमारे १०७ मीटर धाव होते. वळणं आणि गाठी धरून १२० मीटर घ्या. दुहेरी दोऱ्याने शिवणार असाल तर दुप्पट. ८ नंबरचा पर्ल कॉटन एकेरी चांगला चालतो. सगळा एकदमच आणा, नंतर आणलेल्याची छटा बहुधा जुळत नाही. सुईत हातभरापेक्षा लांब दोरा ओवू नका. कापडातून शंभरदा गेल्यावर तो पिंजतो आणि गाठी घेतो. इंचाला चार टाके आले तरी उत्तम. बाराची हौस नको.

प्रश्न : घरच्या काळ्या मशीनवर गोधडी मारताना वर सपाट दिसतं, पण पालथी केली की अस्तराला चुण्या.

खालचे दाते अस्तर पुढे ओढतात आणि वरचा फूट बाकीचे थर मागे धरतो, थर एकमेकांवरून सरकतात. फुटाच्या दांडीवरचा, मशीनच्या माथ्यावरचा स्क्रू सैल करून दाब कमी करा. टाका मोठा करा, इंचाला सात-आठ. सुई १६ नंबरची घाला. ११ ची सुई थरांत वाकते, मग टाके सुटतात किंवा ती मोडते. मूठभर अंतरावर सेफ्टी पिना लावा आणि पहिली ओळ मधोमध मारा. एक गोष्ट हमखास विसरली जाते : गोधडीचं वजन टेबलावरून खाली लोंबत असेल तर तेच कापड मागे ओढतं. डावीकडे आणि मागे खुर्च्या-स्टुलं लावून सगळी गोधडी मशीनच्या पातळीवर घ्या.

प्रश्न : माझ्याकडे चार कामं अर्धवट आहेत. एक दोन वर्षांपूर्वीचं. कुठून सुरू करू तेच कळत नाही.

फक्त गोट राहिलेलं काम आधी संपवा. त्यानंतर कापून ठेवलेलं पण न जोडलेलं. चौकोन नुसते पडून राहिले की कडा सुटतात आणि दोन सुतांची शिवण धरायला माया उरत नाही. थर लावून कच्चे दोरे घातलेलं काम थांबू शकतं, घड्या मात्र महिन्या-दोन महिन्यांनी बदला. अखंड साडी सगळ्यांत शेवटी; घडी बदलत राहिलात तर तिला काही होत नाही.

दोन वर्षांनी काम उघडल्यावर शिवण किती सूत धरली होती हे कोणालाच आठवत नसतं. प्रत्येक कामासोबत जाड कागदाची चिठ्ठी ठेवा : तयार माप, चौकोनाचं माप, शिवण, सुई आणि दोऱ्याचा नंबर, आणि पुढची एकच पायरी. ‘आठवी ओळ जोडायची’, एवढं पुरे. उरलेला दोरा त्याच गाठोड्यात.

ठेवताना सुई कापडात टोचून ठेवायची नाही. एका पावसाळ्यात गंजाचा डाग पडतो. कापड ताणून धरणारी भरतकामाची रिंग काढा, तिचा वळ जात नाही. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाच्या खुणांवर इस्त्री फिरवू नका, त्या कायमच्या बसतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी येते, त्यापेक्षा उशीचा जुना सुती अभ्रा बरा.

चारातल्या एकात पॉलिस्टर आणि सुती मिसळून जोडलेलं निघालं, तर ते पुरं करायचा हट्ट धरू नका. सुती भाग उसवून घ्या.

प्रश्न : नातवासाठी दुपटं शिवायचं आहे. साडी बरीच वर्षं डांबराच्या गोळ्यांत होती. धुऊन वापरू का?

दुसरी साडी घ्या. डांबराच्या गोळीतलं नॅप्थलीन काही बाळांना घातक ठरतं. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांत त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते; ही कमतरता वरून दिसत नाही. ती साडी वारा-ऊन देऊन, धुऊन मोठ्यांच्या गोधडीला वापरा.

दुपट्याला ३० बाय ४० पुरे, तीन थर, मऊ जुनं सुती. जर, लेस, टिकल्या नकोत. गाठी थरांच्या मधे दडवा, ओळी इंचावर घ्या म्हणजे बाळाचं बोट टाक्यात अडकत नाही. पहिलं वर्षभर झोपलेल्या बाळाच्या अंगावर सुटं पांघरूण घालू नये असा डॉक्टरांचा सल्ला असतो. दुपटं मांडीवर घ्यायला, तेल लावताना खाली अंथरायला.

प्रश्न : तीन-चार इंचांचे वेडेवाकडे तुकडे पोतंभर आहेत. चौकोन निघत नाहीत, टाकवत नाहीत.

चौकोन काढूच नका. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंद नावाची गोधडी शिवतात, ती पद्धत अशाच तुकड्यांसाठी आहे. अस्तर आणि मधला थर पसरून एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची. तुकड्याची दिसणारी कड दोन सूत आत मुडपायची आणि सगळ्या थरांतून धावदोरा घालत कडेने पुढे जायचं. पुढचा तुकडा मागच्याची उघडी कड झाकत बसवायचा. फेरी पुरी झाली की आतली फेरी, असं मध्यापर्यंत. जोडणं आणि शिवणं एकाच वेळी होतं, आधी वरचा थर तयार करावा लागत नाही. तुकडे जागेवरच बसवत गेल्याने मध्याला फुगा येण्याचा धोकाही कमी. शेवटचा तुकडा उरलेल्या जागेच्या मापाने कापायचा. चार कोपऱ्यांना घडी घातलेले त्रिकोण लावतात, त्यांना फुलं म्हणतात. पहिल्यांदा करताना ३० बाय ४० च्या पुढे जाऊ नका, आणि तुकडे रंगांप्रमाणे नव्हे तर जाडीप्रमाणे वेगळे करून घ्या. जीन्सचा तुकडा तलम वॉयलशेजारी आला की वॉयल आधी फाटतं.