दगडात बसून जीव येऊ शकतो का?

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. तो म्हणतो, पृथ्वीवरचा जीव अवकाशातून आला आणि डॉ. जयंत नारळीकरांनी फुगा सोडून ते सिद्धही केलं. हे खरं आहे का? एका ग्रहावरून दुसऱ्यावर जीव जाऊ शकतो?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, जाऊ शकतो, असं मी मनापासून म्हणते. आलाच, असं मात्र म्हणत नाही. मुलाला हा फरक नीट समजावून सांगा.

दगड तर येतातच. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधल्या शेरघाटीला आकाशातून सुमारे पाच किलोचा दगड पडला. तो मंगळावरचा निघाला! मंगळावर मोठी उल्का आदळली की तिथले खडक उडतात, आणि सेकंदाला पाच किलोमीटर वेग मिळाला की सुटतात ते कायमचे. १९८४ साली अंटार्क्टिकात मंगळाचाच एक दगड मिळाला. त्याचा गाभा या साऱ्या प्रवासात ४० अंशांच्या वर तापला नसावा, असं तपासात दिसलं. मे महिन्यात लोकलच्या डब्यात आपण त्याच्या जवळपास असतो. पण त्या दगडाला वाटेत लागली सुमारे १ कोटी ६० लाख वर्षं.

एवढा काळ कोण तगेल? मी तीस वर्षं कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवली. दरवर्षी शिवाजी पार्कातली चिमूटभर माती आणायची, निर्जंतुक पाण्यात कालवायची, नळी ८० अंशांच्या वॉटर बाथमध्ये दहा मिनिटं ठेवायची. साधे जिवाणू मरतात. ते पाणी अगारच्या, म्हणजे जिवाणूंचं खाद्य घातलेल्या जेलीच्या, प्लेटवर पसरून इन्क्युबेटरमध्ये ठेवलं, की दुसऱ्या दिवशी पांढुरक्या, कोरड्या, कडा विस्कटलेल्या वसाहती उठलेल्या असायच्या. बॅसिलस नावाच्या जिवाणूच्या. त्याच्या आत तयार होणारा बीजाणू, म्हणजे त्याचं निजलेलं रूप, पाणी टाकून, कवच ओढून निजतो, म्हणून वाचतो. त्या प्लेटवर वाकलेली मुलं मला अजून दिसतात.

जपानी शास्त्रज्ञांनी डायनोकॉकस नावाच्या जिवाणूच्या वाळवलेल्या गोळ्या अंतराळ स्थानकाबाहेर तीन वर्षं उघड्यावर ठेवल्या. वरचा थर मेला, आणि त्याच्याच आडोशाला आतले जगले. तीन वर्षं आणि कोटी वर्षं यांत अंतर फार, हे कबूल. पण काही दगड बरेच लवकर पोचत असणार, आणि दगडाची जाडी तर गोळीपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून मंगळ ते पृथ्वी हा प्रवास मला अशक्य वाटत नाही. दुसऱ्या ताऱ्याकडून येणं मात्र मला पटत नाही; अंतरंच तशी आहेत.

आता फुगा. एप्रिल २००५ मध्ये, आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) हैदराबादमधल्या केंद्रातून तो सुटला. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळ्यांत भरून आणली. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. त्यांत जिवाणूंच्या तीन जाती नव्या निघाल्या, अतिनील किरणांना जास्त दाद न देणाऱ्या. एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉयल यांचं नाव दिलं. २००९ मध्ये इस्रोने हे जाहीर केलं आणि त्याच निवेदनात सांगितलं, की यावरून ते जीव पृथ्वीबाहेरचे आहेत हे सिद्ध होत नाही. जमिनीवरची धूळही वर जाते ना! एवढी मेहनत करून हे स्वतःहून लिहायचं, याबद्दल मला त्या सगळ्यांविषयी फार आदर वाटतो.

मी नोकरीला लागले तेव्हा कधीच न पाहिलेली एक केशरी वसाहत मिळाली. दोन दिवस मी हवेत होते. मग कंट्रोल प्लेट पाहिली, जिच्यावर काहीच टाकलं नव्हतं. तिच्यावरही तीच केशरी वसाहत होती. खोलीच्या हवेतून आलेली. जपानने र्‍युगू लघुग्रहावरून आणलेल्या एका कणावरही पुढे जिवाणू दिसले, तेही इथलेच, इथे आल्यावर वाढलेले.

मंगळावर कधी जीव सापडला आणि त्याच्या डीएनएचीही हीच चार अक्षरं, हीच सांकेतिक लिपी निघाली, तर दोघांचं मूळ एक असण्याला मोठा आधार मिळेल. तोही नमुना कुणाच्या हातून दूषित झालेला नाही ना, हे मी आधी विचारीन.