कॉम्बो बदलल्यावर फिंगरप्रिंट गेलं, पण दोष रिझोल्यूशनचा नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पडदा फुटला, जवळच्या दुकानात स्वस्तातला कॉम्बो (काच, टच आणि पडदा असा जोडलेला संच) टाकला आणि तेव्हापासून फोन बोट ओळखत नाही. दुकानदार म्हणतो, "नवा पडदा जास्त रिझोल्यूशनचा, म्हणजे दाट पिक्सेलचा आहे, त्यातून सेन्सरला दिसत नाही." आणि तुमच्या आईंचं बोट तर आधीपासूनच क्वचित लागायचं. सोळा वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर बसतोय आणि हे उत्तर ग्राहकांना देऊन परत पाठवलेलं खूपदा पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बोट ठेवलं की गोल उजळतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे सेन्सर ऑप्टिकल, उजेडावर चालणारा आहे. तो पडद्यात नसतो, पडद्याच्या खाली असतो. पडद्याचा उजेड बोटावर पडतो, ठशाच्या उंच रेषा, म्हणजे कंगोरे, काचेला टेकतात, मधल्या खाचांत हवा राहते. त्यामुळे दोन्हींकडून परतणारा उजेड कमीजास्त असतो आणि खालचा छोटा कॅमेरा तो फरक टिपतो. अडचण आहे ती या उजेडाच्या परतीच्या वाटेत. ओएलईडी पडद्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो. त्याच्या प्रत्येक उपपिक्सेलमागे (पिक्सेलचा एकेका रंगाचा भाग) अपारदर्शक धातूचा थर, बहुधा सात ट्रान्झिस्टर आणि वायरिंगचं जाळं असतं. उरलेल्या फटींतून काय येईल तेवढंच खाली पोचतं, जेमतेम काही टक्के. वरचा पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा थरही उजेडाचा मोठा भाग खातो.

आता रिझोल्यूशन. पिक्सेल लहान झाले तरी प्रत्येकामागचे ट्रान्झिस्टर काही कमी होत नाहीत, म्हणून फटी आणखी अरुंद होतात. दुकानदाराच्या बोलण्यात तथ्य आहे ते इतकंच. पण वनप्लस ७ प्रो आठवा: २०१९ चा फोन, १४४० बाय ३१२० चा पडदा, इंचाला ५१६ पिक्सेल, आणि त्याखाली ऑप्टिकल सेन्सरच होता. बोटाच्या दोन कंगोऱ्यांमध्ये साधारण अर्धा मिलिमीटर अंतर असतं, त्यात अशा पडद्याचे जवळपास दहा पिक्सेल मावतात. एवढ्या दाट जाळीतूनही कंगोरे वेगळे दिसतात. जाळीची सावली मात्र प्रतिमेत उतरते आणि ती कॅलिब्रेशन करून, म्हणजे सेन्सर त्या पडद्याशी जुळवून, वजा करावी लागते. म्हणूनच अस्सल पॅनेल टाकलं तरी सेन्सर पुन्हा कॅलिब्रेट करावा लागू शकतो. बरीच दुकानं ते करत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तरीही तुमच्या फोनचं खरं कारण वेगळं असावं. स्वस्त कॉम्बो बहुतेक वेळा टीएफटी, म्हणजे एलसीडी असतो. त्याचे पिक्सेल स्वतः उजळत नाहीत, मागे बॅकलाइट (उजेड देणारा दिवा) असतो, आणि बॅकलाइटच्या मागे उजेड पुढे फेकणारा अपारदर्शक पत्रा. सेन्सर त्या पत्र्याच्याही मागे बसतो. त्याला काय दिसणार? मलाही एका पुरवठादाराने खोक्यावर 'ओएलईडी क्वालिटी' छापलेला माल दिला होता. दोन दिवस कॅलिब्रेशन करत बसलो. शेवटी पॅनेल काढून पाहिलं तर मागे बॅकलाइट. ग्राहकाचे पैसे परत केले आणि तेव्हापासून पॅनेल तपासल्याशिवाय बसवत नाही.

आईंबद्दल. भांडी, धुणं, शेतकाम यांनी कंगोरे झिजतात, कोरड्या त्वचेचा काचेशी नीट संपर्क होत नाही. रेशन दुकानातल्या मशीनवर बोट थेट सेन्सरच्या काचेवर टेकतं, फोनमध्ये मात्र मध्ये काच, टचचा थर आणि पॅनेल असं सगळं येतं. आधारसाठीही कोणतं बोट सर्वांत चांगलं लागतं ते शोधण्याची सोय यूआयडीएआयने केली आहे. तेच घरी करा: अंगठा धरून बसू नका, सगळी बोटं लावून पाहा, हातांना थोडं क्रीम चोळून पुसून घ्या, आणि जे बोट लागेल तेच दोनदा नोंदवा.

टेम्पर्ड ग्लास बसवायची असेल तर आधी बसवा, बोट नंतर नोंदवा. नुसता कडांना गोंद असलेली काच नको, मध्ये हवा राहते. चुकीच्या आवरणाने धोकाही होतो. सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस१० मध्ये अल्ट्रासॉनिक सेन्सर होता, म्हणजे ध्वनिलहरींवर चालणारा. ऑक्टोबर २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या एका महिलेच्या लक्षात आलं की स्वस्त जेल कव्हर लावल्यावर तिचा फोन तिच्या नवऱ्याच्या बोटानेही उघडतो. काही सिलिकॉन कव्हरवरची नक्षी सेन्सर बोटाच्या ठशासोबत ओळखत होता, असं सॅमसंगने सांगितलं आणि अपडेट दिला. फोनमध्ये बँकेचं ॲप असेल तर हे हलक्यात घेऊ नका.

एक नवीन दिशाही आहे. सॅमसंग डिस्प्लेने मे २०२३ मध्ये लॉस एंजेलिसला असं पॅनेल दाखवलं, ज्यात प्रकाश ओळखणारे घटक पिक्सेलच्या शेजारीच बनवलेले होते, त्यामुळे बोट पडद्यावर कुठेही ठेवता येतं. अशा फोनमध्ये सेन्सर कॉम्बोसोबतच बदलावा लागेल.

तूर्त एवढं करा. रात्री खोलीतले दिवे बंद करा, फोनवर पूर्ण काळा फोटो उघडा आणि ब्राइटनेस पूर्ण वाढवा. पडदा राखाडी चमकला तर एलसीडी बसवलाय. दुकानात जा आणि ओएलईडी पॅनेल मागा. अगदी काळाकुट्ट राहिला तर कॅलिब्रेशन राहिलंय किंवा बसवताना सेन्सरवर धूळ-गोंद गेलाय. काय दिसलं ते फोनच्या मॉडेलसह इथे लिहा, पुढचं सांगतो.