मिरजेच्या फोटोतलं बिनरंगाचं डिझेल इंजिन कोणतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. वडील १९७४ ते १९७८ मिरजेला होते. त्यांच्या अल्बममध्ये मालगाडीला लावलेल्या डिझेल इंजिनाचा कृष्णधवल फोटो सापडला. इंजिनावर ना पट्टे, ना रेल्वेची अक्षरं, ना नंबर. कुणी मीटरगेजचं वायडीएम-४ म्हटलं, कुणी मालगाडी आहे म्हणून डब्ल्यूडीजी-३ए म्हटलं, आणि रंग नाही म्हणजे वाराणसीच्या कारखान्यातून नुकतंच निघालेलं असणार, असंही एक मत पडलं. माझ्या मते हे ब्रॉडगेजचं डब्ल्यूडीएम-२ आहे, आणि ते नवं नाही.

असा फोटो हातात आला की नजर आधी बॉडीवर जाते, पण पहिल्यांदा बघायचं ते बफर बीमकडे, म्हणजे इंजिनाच्या टोकाच्या त्या आडव्या तुळईकडे, जिथे धक्का झेलणारे बफर आणि हुक बसवलेले असतात. रंग असो वा नसो, तिथल्या वस्तू बदलत नाहीत. मिरजेच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. पुणे-मिरज मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला, पण दक्षिणेला हुबळीकडे मीटरगेज आणि कुर्डुवाडी-लातूरकडे नॅरोगेज होतंच. म्हणजे एकाच स्टेशनात तिन्ही गेज, रुळांमधली तीन वेगवेगळी अंतरं. रूळ बघावेत तर तुमच्या फोटोत ते गवतात आणि सावलीत गेलेत. बफर मात्र बोलतात. आपल्या मीटरगेजला मधोमध एकच बफर आणि तिथेच कपलिंगचा हुक; ब्रॉडगेजला दोन्ही कडांना एकेक बफर. तुमच्या फोटोत उजव्या कडेचा गोल बफर स्वच्छ दिसतोय आणि डावा उभ्या माणसाच्या खांद्याआडून अर्धा डोकावतोय. वायडीएम-४ मीटरगेजचं, म्हणून ते इथेच बाद.

हा घोळ होणं साहजिक आहे, कारण दोन्ही इंजिनं अमेरिकेच्या ॲल्को कंपनीच्या घराण्यातली. लांब हूड (यंत्र झाकणारा पत्र्याचा खोका), मग केबिन, मग आखूड हूड, आणि खाली तीन-तीन धुऱ्यांच्या दोन बोगी, म्हणजे चाकांचे सांगाडे. रंग आणि नंबर नसला की आकाराचा अंदाज पार चुकतो. आत मात्र जमीन-अस्मानाचा फरक: वायडीएम-४ मध्ये सहा सिलिंडर, डब्ल्यूडीएम-२ मध्ये सोळा सिलिंडर आणि २,६०० अश्वशक्ती. चाकाचा व्यासही ९६५ विरुद्ध १,०९२ मिलीमीटर. शेजारी माणूस उभा असेल तर त्याच्या उंचीशी ताडून बघा. तुमच्या फोटोतल्या माणसाच्या जवळजवळ कमरेला चाक लागतंय, हे ब्रॉडगेजच्याच बाजूने जातं.

आता डब्ल्यूडीजी-३ए. वर्गाच्या नावातला ‘जी’ मालगाडीसाठी आणि ‘एम’ मिश्र कामासाठी, हे बरोबर. पण याच कारणाने डब्ल्यूडीएम-२ मालगाडीला दिसण्यात नवल काहीच नाही. आपल्याकडची मालवाहतूक कित्येक वर्षं याच इंजिनांनी ओढली. अडीच हजारांहून जास्त बनली ती. डब्ल्यूडीजी-३ए आलं १९९५ मध्ये. अल्बमवरच्या सालावर भरवसा नसेल, तरी बफर बीमवरचा जाड, वळ्यावळ्यांचा एकच होजपाइप बघा. तो व्हॅक्यूम ब्रेकचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या ब्रेकचा. एअर ब्रेकवाल्या इंजिनाला दोन बारीक होज असतात, आणि एअर ब्रेकच्या बॉक्सएन वॅगन (उघडे मालडबे) १९८० च्या दशकात रुळल्या. मागच्या वॅगन धूसर असल्या तरी हा पाइप तुमच्या वडिलांच्या तारखेला दुजोरा देतो.

बाकीचे पर्याय झटपट निघतात. डब्ल्यूडीएम-१ ला पुढे फुगीर नाक आणि पूर्ण रुंदीची बॉडी असते. जनरल मोटर्सची डब्ल्यूडीएम-४ एकूण ७२ आली आणि ती उत्तर आणि पूर्व भारतात राबली. आखूड हूड पूर्ण रुंदीचं असलेली ‘जंबो’ डब्ल्यूडीएम-२ ही नाही, कारण इथे हूड अरुंद आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी केबिनच्या खिडक्या दिसतात.

राहिला बिनरंगाचा मुद्दा. कृष्णधवल फोटोत रेड ऑक्साइडही (रंगाआधीचा तांबूस प्रायमर) करडा आणि उडालेला जुना रंगही करडाच, म्हणून नुसत्या छटेवरून काही ठरवू नका. पोत बघा. लांब हूडच्या दारांवर फिकट, वेडेवाकडे डाग आहेत आणि केबिनखालच्या पत्र्यावर एक मोठा पट्टा घासल्यासारखा गुळगुळीत आहे. ती लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे. पोचे काढून, लांबी मारून, वर प्रायमरचा हात दिलेला आणि शेवटचा रंग बाकी, अशी ही अवस्था. नव्याकोऱ्या पत्र्यावर एवढी लांबी कुणी भरत नाही. ठोकर बसून दुरुस्त झालेलं किंवा मोठ्या ओव्हरहॉलमधून निघालेलं इंजिन रंगाआधीच कामाला जुंपलं असावं, असं मला वाटतं.

एक विनंती आहे. मोबाइलने काढलेला फोटोचा फोटो नको, मूळ प्रिंट १,२०० डीपीआयवर स्कॅन करा. निगेटिव्ह असेल तर फारच उत्तम. केबिनच्या खिडकीखालचा भाग मोठा करून बघा, रंग व्हायच्या आधी तिथे नंबर खडूने लिहिलेला असू शकतो. पाच आकडी आणि १७ किंवा १८ ने सुरू होणारा दिसला तर डब्ल्यूडीएम-२ वर शिक्कामोर्तब. वायडीएम-४ चे नंबर चार आकडी आणि ६ ने सुरू होणारे. ॲल्कोकडून आलेलं पहिलं १८०४० आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, आणि वाराणसीत जानेवारी १९६४ मध्ये तयार झालेलं पहिलं १८२३३. आकडे अर्धवट दिसले तरी स्कॅन इथे टाका, उरलेले मिळून लावू.