एका खिशात व्हेप, दुसऱ्या खिशात पाकीट

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांत एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो. वर्षानुवर्षं दिवसाला पाकीट-दीड पाकीट ओढणारा माणूस सिगारेट सोडायची म्हणून ई-सिगारेटकडे वळतो. ही ई-सिगारेट किंवा व्हेप म्हणजे निकोटिन मिसळलेलं लिक्विड बॅटरीवर तापवून त्याचं धुकं ओढायला देणारं यंत्र. तिच्याबद्दलची सगळी माहिती मात्र त्याला विकणाऱ्याकडून मिळते, नाहीतर मोबाइलवर फिरणाऱ्या मेसेजमधून. म्हणून या वेळी सगळी उत्तरं याच विषयावर देतो आहे.

प्रश्न : वय ५४. अठ्ठावीस वर्षं रोज तीस सिगारेटी ओढतो. दोनदा नुसत्या निर्धारावर सोडून पाहिली, चार दिवसांपुढे टिकलो नाही. पहिली ई-सिगारेट घ्यायची तर कोणती घेऊ?

यंत्राकडे नंतर येतो. आधी तुम्ही राहता तिथला कायदा बघा. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक आणि जाहिरात, सगळ्यावर बंदी आहे. ब्रिटनमध्ये ती उघड मिळते, पण लिक्विडमध्ये दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन चालत नाही. जिथे बंदी आहे तिथे चोरून मिळणाऱ्या मालात काय भरलंय, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. तिथे हा विषयच सोडून द्या.

दुसरं म्हणजे, निर्धार दोनदा मोडला म्हणून औषधोपचार फसले असं होत नाही, कारण ते तुम्ही अजून केलेलेच नाहीत. कातडीवर चिकटवायचा निकोटिनचा पॅच दिवसभर संथपणे निकोटिन देत राहतो आणि अचानक उसळणारी तलफ निकोटिनचा च्युइंगगम भागवतो. दोन्ही एकत्र वापरले तर एकट्यादुकट्यापेक्षा जास्त उपयोग होतो. तलफ कमी करणाऱ्या व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्या आहेत, त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली साधारण बारा आठवडे घ्यायच्या असतात. ‘गमचा काही उपयोग झाला नाही’ असं सांगणाऱ्या दहांपैकी सात-आठ जणांनी माझ्यासमोर तो साध्या च्युइंगगमसारखा चघळून दाखवलाय. तसं केलं की निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं, जळजळ होते आणि तलफ तशीच राहते. जिभेला झणका लागेपर्यंत चावायचा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, चव ओसरली की पुन्हा चावायचा.

हे सगळं नीट करूनही जमलं नाही, कायदा आड येत नाही आणि तुमच्या डॉक्टरांशी बोलणं झालंय, तर साधं, पुन्हा भरता येणारं लहान पॉड, म्हणजे खिशात मावणारी ई-सिगारेट, घ्या. त्यातून सिगारेटसारखाच झुरका घेता येतो, आधी तोंडात आणि मग छातीत. कॉइल, म्हणजे लिक्विड तापवणारी तार, एक ओहमच्या (विद्युतरोधाचं माप) आसपासची असावी. वाफेचे ढग काढणारी मोठी यंत्रं घेऊ नका. ती थेट छातीत ओढायची असतात, लिक्विड भरमसाट खातात आणि पहिल्याच झुरक्याला ठसका लागून नवशिका ती कपाटात टाकून देतो. झुरक्याला जळका वास आला तर तिथेच थांबा. आतला कापूस कोरडा पडलाय, कॉइल जास्त तापतेय आणि त्यातून फॉर्माल्डिहाइडसारखी विषारी द्रव्यं तयार होतात.

प्रश्न : घरचे म्हणतात, घेतोच आहेस तर सगळ्यात कमी निकोटिनचं घे. बरोबर ना?

तुमच्यासारख्या मुरलेल्या ओढणाऱ्यासाठी बहुतेक वेळा चूक. जाग आल्यापासून पहिली सिगारेट किती मिनिटांत पेटते, ते मला सांगा. अर्ध्या तासाच्या आत पेटत असेल तर व्यसन जबरदस्त आहे, पाच मिनिटांत पेटत असेल तर त्याहून जास्त. अशा माणसाला अगदी सौम्य लिक्विड दिलं तर तो दिवसभर यंत्र ओढत बसतो आणि संध्याकाळी पाकीट उघडतो. ‘लाइट’ सिगारेटींनी हेच केलं होतं. फिल्टरवरच्या बारीक छिद्रांमुळे मशीनच्या चाचणीत निकोटिन कमी भरायचं. माणूस मात्र तीच छिद्रं बोटांनी आणि ओठांनी झाकून खोल झुरका घ्यायचा आणि शरीराला हवं तेवढं निकोटिन मिळवायचाच.

सुरुवातीची मात्रा तलफ भागवणारी हवी. मळमळलं, गरगरलं किंवा छातीत धडधडलं तर ती जास्त होतेय. हृदयविकार किंवा रक्तदाब असेल तर मात्रा स्वतःच्या मनाने ठरवू नका, डॉक्टरांना विचारा. मात्रा कमी करत न्यायची ती सिगारेट पूर्ण सुटून काही महिने झाल्यावर.

प्रश्न : कॅन्सर निकोटिनमुळेच होतो ना?

नाही, तो होतो धुरातल्या जळक्या रसायनांमुळे. निकोटिन व्यसन लावतं, नाडी आणि रक्तदाब वाढवतं, आणि गरोदर स्त्रीने ते कोणत्याही रूपात घेण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

प्रश्न : विक्रेता म्हणाला, ही नुसती पाण्याची वाफ आहे. शिवाय पाकिटावर ‘झिरो निकोटिन’ आणि ‘दहा हजार पफ’ असं लिहिलंय.

पाण्याची वाफ नाही. प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन तापवून केलेलं ते धुकं आहे. त्यात निकोटिन असतं, स्वादाची रसायनं असतात, तापलेल्या कॉइलमधून येणारे धातूंचे अंशही असतात. ‘झिरो’ लिहिलेल्या मालाची तपासणी केल्यावर त्यात निकोटिन सापडलेलं आहे. आणि पफ कुणाचा, लहान की लांब? तो आकडा मशीनच्या ठरावीक झुरक्यांवर काढतात, तुमच्या छातीचा त्याच्याशी काही संबंध नाही. जो माणूस ‘काहीच अपाय नाही’ म्हणून वस्तू विकतो, त्याच्याकडून दुसरं काहीही विकत घेऊ नका.

प्रश्न : व्हेपने ‘पॉपकॉर्न लंग’ होतो आणि अमेरिकेत त्याने माणसं मेली, असा मेसेज आला. म्हणून मी परत सिगारेट सुरू केली.

वाचून वाईट वाटलं. त्या मेसेजने दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या आहेत. पॉपकॉर्नच्या कारखान्यात लोण्याच्या स्वादासाठी डायअसेटिल नावाचं रसायन वापरत. ते रोज हुंगणाऱ्या कामगारांच्या श्वासनलिका कायमच्या आक्रसल्या, म्हणून ते नाव पडलं. ब्रिटनमध्ये हे रसायन लिक्विडमध्ये घालायला मनाई आहे. सिगारेटच्या धुरातही ते असतं, हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगितलं नाही.

अमेरिकेतली घटना २०१९ ची. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथे २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. मुख्य दोषी निघालं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट. गांजातलं नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, भरलेल्या आणि बहुतेक चोरट्या बाजारातल्या व्हेपच्या कुप्यांमध्ये ते मिसळलेलं होतं. यातून शिकायचं ते हे की अनोळखी माल छातीत ओढू नये. सिगारेटकडे परत जा, असं त्यात कुठेही नाही. व्हेप निर्धोक आहे असं मी म्हणत नाही. दीर्घकाळ वापरलेल्यांची पक्की माहिती हाती यायला अजून वर्षं लागतील. पण सिगारेटने काय होतं हे पक्कं माहीत आहे आणि तुम्ही तिथेच परत गेलात. याच आठवड्यात व्यसनमुक्ती केंद्रात जा.

प्रश्न : पॉड घेतल्यापासून वीस सिगारेटींवरून पाचांवर आलो. तीन महिने झाले. खूप मोकळं वाटतं. एवढं पुरे ना?

नाही, पुरेसं नाही. आणि याच प्रश्नाची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

माझ्याकडे येणारा पॉडवाला रुग्ण खुर्चीत बसताना दोन्ही खिसे रिकामे करतो. एका खिशातून पॉड निघतं, दुसऱ्यातून पाकीट आणि लायटर. म्हणतो, ‘डॉक्टर, जवळजवळ सोडलीच.’ मी त्याच्या हातात कार्बन मोनॉक्साइड मोजायचं छोटं यंत्र देतो. पंधरा सेकंद श्वास रोखायचा आणि नळीत हळूहळू सोडायचा. न ओढणाऱ्या माणसाचा आकडा पाच-सहाच्या आत राहतो. गेल्या महिन्यात अशाच एका गृहस्थांचा आकडा चढत चढत सतरावर थांबला. दिवसाला ‘फक्त पाच’. पाच सिगारेटींतून ते पूर्वीच्या दहांचा धूर काढत होते, पार फिल्टरपर्यंत. पॉड काम करत असतं तर तो आकडा एक-दोन दिवसांतच खाली आला असता, कारण पॉडमध्ये काही जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड येतो जळण्यातून.

आता हृदयाचं बघू. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४१ अभ्यास एकत्र तपासणारा लेख आला. दिवसाला वीस ओढल्याने हृदयविकाराचा जेवढा धोका वाढतो, त्याच्या जवळपास निम्मी वाढ पुरुषांत दिवसाला एकाच सिगारेटने होते. वीसवा हिस्सा नाही, निम्मी. रक्ताच्या गुठळ्या करणाऱ्या पेशी आणि धमन्यांचं अस्तर थोड्याशा धुरानेही बिथरतं. कॅन्सरचा धोका सिगारेटींच्या संख्येबरोबर थोडाफार उतरेल, हृदय मात्र तशी सूट देत नाही. तुमचं ‘मोकळं वाटणं’ मला खोटं पाडायचं नाही. खोकला कमी झाला असेल, जिना चढता येत असेल. पण त्या समाधानातच माणूस पाचांवर मुक्काम ठोकतो आणि तीन महिन्यांची तीन वर्षं होतात. अशी माणसं मी अतिदक्षता विभागात बघितली आहेत, उशाशी चार्ज केलेलं पॉड ठेवून.

उरलेल्या पाच कोणत्या, ते कागदावर लिहा. उठल्याउठल्याची, जेवणानंतरची, फोनवर बोलतानाची, भांडण झाल्यावरची, रात्रीची शेवटची. जिवाभावाच्या तेवढ्याच उरतात, म्हणून त्या आपोआप गळून पडत नाहीत. त्यांच्यासाठी तारीख ठरवावी लागते, येत्या दोन आठवड्यांतली. त्या दिवसापासून घरात पाकीट नको, लायटर नको, राखेची वाटी नको. सकाळची सिगारेट सुटत नसेल तर बहुधा पॉडची मात्रा कमी पडतेय किंवा जोडीला पॅच लागेल. हे ठरवायला समुपदेशक आणि डॉक्टर दोघांनाही भेटा.

यंत्राकडून जादूची अपेक्षाही नको. इंग्लंडमध्ये ८८६ जणांवर केलेली एक चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर सिगारेटमुक्त राहिले ते ई-सिगारेटच्या गटात १८ टक्के, पॅच-गमच्या गटात ९.९ टक्के. हा फरक मोठा आहे, मी तो नाकारत नाही. पण दोन्ही गटांना दर आठवड्याचं समुपदेशनही मिळत होतं, ते विक्रेते सांगत नाहीत. ई-सिगारेटने सुटलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही ती ओढतच होते, तेही सांगत नाहीत. आणि शंभरातल्या ब्याऐंशींची सिगारेट सुटली नव्हती. म्हणून सिगारेट सुटली की पॉड कधी सोडायचं, याचाही बेत पहिल्याच दिवशी करा.

प्रश्न : तंबाखू न जाळता फक्त तापवणारं यंत्र मिळतं. ती ई-सिगारेटच ना?

नाही. त्यात तंबाखूच असतो. घेऊ नका.

प्रश्न : माझा भाऊ मानसिक आजारासाठी ओलान्झापिन घेतो. रोज दोन पाकिटं ओढायचा, आता एकदम व्हेपवर गेलाय. दिवसभर झोपून असतो. निकोटिन कमी पडतंय का?

कदाचित नाही. औषध जास्त पडत असावं. सिगारेटच्या धुरातली काही रसायनं यकृतातल्या एका विकराला (एन्झाइमला) जास्त कामाला लावतात, त्यामुळे ओलान्झापिन, क्लोझापिन आणि दम्यासाठीचं थिओफिलिन शरीरातून लवकर निघून जातात. डॉक्टरांनी मात्रा ठरवली होती ती धूर चालू असताना. धूर थांबला की तीच मात्रा रक्तात साचायला लागते. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही, त्यामुळे पॅच लावला किंवा व्हेप घेतलं तरी औषध साचतंच. आजच त्याच्या मनोविकारतज्ज्ञांना फोन करा. गोळी स्वतःहून कमी किंवा बंद करू नका, आणि त्याला परत सिगारेट तर मुळीच देऊ नका.

जाता जाता सर्वांसाठी: कॅफिनही याच वाटेने शरीराबाहेर पडतं. सिगारेट सोडल्यावर नेहमीइतकीच कॉफी घेतली तर हात थरथरतात, झोप उडते आणि दोष सिगारेट सोडण्याला दिला जातो. कॉफी निम्मी करा.

प्रश्न : मुलगा १७ वर्षांचा, सिगारेट कधी ओढली नाही. ‘सिगारेटपेक्षा बरं’ म्हणून व्हेप घेऊ का विचारतो.

नाही. जो ओढतच नाही त्याच्या बाबतीत ही तुलनाच लागू होत नाही.

प्रश्न : घरात दोन वर्षांची नात आहे. लिक्विडची बाटली कुठे ठेवू?

कुलुपात. थोडंसं लिक्विडही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. प्यायल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवत बसू नका, बाटली बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठा. कातडीवर सांडलं तर लगेच धुवा.

प्रश्न : वय ६१, चाळीस वर्षं रोज एक पाकीट. पुढच्या महिन्यात निवृत्त झालो की पॉड घेऊन सोडणार आहे. तीन आठवड्यांपासून सकाळच्या कफात रक्ताची रेघ दिसते, ती पण तेव्हाच थांबेल असं वाटतं.

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला वेगळं कळवलं आहे. इथे देतोय ते अशाच वाचकांसाठी, जे गप्प बसून आहेत. कफात रक्त आलं की पॉड कोणतं हा प्रश्न मागे पडतो. निवृत्तीची वाट बघायची नाही, सिगारेट सुटल्यावर रक्त थांबतंय का हेही बघत बसायचं नाही. उद्याच छातीच्या डॉक्टरांकडे जा. रक्त जास्त पडलं किंवा दम लागला तर आजच, तातडीच्या विभागात. त्यांना वर्षं आणि रोजची संख्या खरी सांगा, वजन उतरलंय का, आवाज बसलाय का, तेही सांगा. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून घरी परतू नका. सीटी स्कॅन लागेल का, हे विचारूनच खोलीबाहेर पडा. सिगारेट सोडण्याचं औषध त्याच भेटीत मागता येतं.